कोल्हापुरातनं पणजीला कॅसिनोला जायचंय, तर दोन मुक्कामाचं काढा

पहिली गोष्ट ही ठरवा की एका रात्रीत जाऊन यायचं नाही. शुक्रवारी सहाला दुकान बंद करायचं, गाडी काढायची, अकरा-साडेअकराला पणजी, रात्रभर कॅसिनोच्या बोटीवर, पहाटे खाली उतरून तसंच तोंड धुऊन परत कोल्हापूर, हा प्लॅन आपल्याकडं इतका कॉमन झालाय की राजारामपुरीत काय, कागलात काय, कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की कुणीतरी हाच प्लॅन करत असतंय. मीपण केलाय. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाचजण पहाटे चारला बोटीवरनं उतरून निघालो, दाणोली सोडली, आंबोलीचा घाट चढायला लागलो, नुकतं उजाडत होतं, मागचे तिघं झोपलेले, मी पुढं बसलेलो आणि माझाही डोळा लागला. जाग आली ती कठड्याला पत्रा घासल्याच्या आवाजानं. चालवणारा मित्र दारूचा थेंबही प्यालेला नव्हता, नुसता रात्रभर जागा होता, आणि एवढंच पुरलं. गाडीची डावी बाजू पुढच्या दारापास्नं मागच्या चाकापर्यंत फाटली, आम्ही वाचलो. कठड्यावर हात ठेवून खाली बघितलं तेव्हा धुकं होतं, खोली दिसत नव्हती. त्यानंतर कुणीही विचारलं की मी आधी हेच सांगतो, दोन रात्री काढता येत असतील तर जावा, नसतील तर पुढच्या महिन्यात जावा, बोटी कुठं पळून जात नाहीत.

आता रस्ता. आपल्याकडनं सगळ्यात रुळलेला रस्ता म्हणजे हायवेनं कागल, कोगनोळीचा टोलनाका, निपाणी, तिथनं आत वळून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द. तिथनं म्हापसा, पर्वरी आणि मांडवीचा पूल ओलांडला की पणजी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, मध्ये चहा-नाश्ता धरून पाच-साडेपाच तास धरा. काही जण संकेश्वरावरनं वळतात, तेही चालतंय, पुढं आजऱ्याला एकच होतंय. राधानगरी-दाजीपूरवरनं फोंडा घाट उतरून कणकवलीला लागायचं हाही रस्ता आहे, झाडी लई भारी आहे, पण पणजीसाठी लांब पडतो, निवांत फिरत जायचं असेल तरच. बेळगावकडनं चोर्ला घाट आहे तो तुमचं बेळगावात काही काम असेल तर धरा. रेल्वेचा विचार सोडून द्या, कोल्हापूर-वैभववाडी लाईन अजून व्हायचीय. गाडी नसेल तर सीबीएसवरनं एसटी मिळते, गोव्याच्या सरकारी कदंबाची बसपण मिळते, पणजीच्या कदंबा स्टँडवर उतरवतात आणि तिथनं गाव चालत जाण्याएवढं जवळ आहे.

सकाळी सातच्या आत निघा. आजऱ्यात नाश्ता होतो, आंबोली दिवसाउजेडी उतरता येते, दुपारी जेवणाला पणजी. पावसाळ्यात आंबोलीत धुकं असं उतरतंय की पुढच्या गाडीचा मागचा लाईट तेवढा दिसतो, तेव्हा हॅझर्ड लावून हळू जायचं, ओव्हरटेकच्या भानगडीत पडायचं नाही, आणि माकडांना काही खायला घालायचं नाही कारण त्यांना सवय लागली की ती रस्त्याच्या मध्ये येऊन बसतात आणि गाड्यांखाली येतात. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं मोबाईलमध्ये डिजिलॉकरला नीट उघडतंय का ते निघायच्या आदल्या रात्री बघून ठेवा, आपली एमएच ०९ ची प्लेट बघितली की हद्दीवर अडवून विचारू शकतात, आणि पेपर नीट असले की दोन मिनिटांत सोडतात.

पत्रादेवीला दोन मिनिटं थांबा ही माझी विनंती आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर इथं पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, त्यांचं स्मारक तिथं आहे. आपल्या भागातनं किती माणसं त्या लढ्यात गेली होती, आणि आपण तिथनं आता नव्वदच्या स्पीडनं गाणी लावून जातो. पोरांना घेऊन जात असाल तर नक्की उतरवा.

पर्वरीला ट्रॅफिक लागतं, चिडू नका, ते रोजचंच आहे. नदीवर जो केबलवाला उंच पूल दिसतो तो अटल सेतू, २०१९ ला सुरू झाला, त्याच्यावर टू-व्हीलरला बंदी आहे, त्यामुळं बाईकवर गेलेल्यांनी जुन्या पुलावरनं जायचं, आणि चारचाकीवाल्यांनी बोर्ड बघून लेन आधी धरायची, पुलावर चढल्यावर पणजी कुठं म्हणून ब्रेक मारायचा नाही.

रूम पणजीतच घ्या. बरेच जण कळंगुट-बागाला रूम घेतात आणि रात्री कॅसिनोला पणजीत येतात, मग पहाटे परत जायला टॅक्सीवाला मागेल तेवढे द्यायला लागतात किंवा दारू प्यालेला कुणीतरी गाडी चालवतो. पणजीत राहिलं की बोटीच्या जेट्टीवरनं रूमवर चालत येता येतं, हा सगळ्यात मोठा फायदा. मी शक्यतो फोंटेन्हास, म्हणजे जुनी पोर्तुगीज घरं आहेत तो भाग, किंवा चर्चच्या मागच्या गल्ल्यांत रूम बघतो. पार्किंग आहे का हे फोनवर आधी विचारा कारण गल्ल्या आपल्या महाद्वार रोडच्या बोळांएवढ्याच आहेत. गोव्यात ओला-उबर चालत नाही, गोवामाईल्स म्हणून ॲप आहे ते मोबाईलमध्ये घालून ठेवा, आणि एकट्या माणसाला जवळ कुठं जायचं असेल तर पायलट असतात, म्हणजे बाईकवर मागं बसवून नेणारे, भाडं आधी ठरवायचं. भाड्यानं स्कूटर घेणार असाल तर काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, साध्या पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी कमी पैशात देतो म्हणाला तरी नको, पोलिसांनी धरलं तर भुर्दंड तुम्हाला.

कधी जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली, पण नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी, म्हणजे सिनेमांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव असतो, तो २००४ पासनं पणजीतच भरतो आणि तेव्हा रूम मिळत नाहीत, नाताळ ते नवीन वर्ष तर विषयच सोडा. जमत असेल तर मंगळवार-बुधवार बघा, कॅसिनोच्या एंट्रीचे दरपण शुक्रवार-शनिवारला चढे असतात आणि मधल्या वारी कमी. जून ते सप्टेंबर गाव एकदम हिरवं आणि रिकामं असतं, रूम स्वस्त, फक्त समुद्रात उतरायचं नाही.

आता मुख्य विषय. पणजीचे मोठे कॅसिनो मांडवी नदीत नांगरलेल्या बोटींवर आहेत, डेल्टिन रॉयल, बिग डॅडी, कॅसिनो प्राईड, मॅजेस्टिक प्राईड ही नावं तुम्ही ऐकलेलीच असतील. दयानंद बांदोडकर मार्गावर नदीच्या कडेनं त्यांचे काउंटर आणि जेट्ट्या आहेत, तिथनं छोटी बोट तुम्हाला मोठ्या बोटीवर नेते आणि परत आणते. बोटीवरच का, तर गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ ला बदल करून फाईव्ह स्टार हॉटेलांत मशीनवरचे खेळ चालू झाले आणि १९९६ च्या बदलानं टेबलावरचे खेळ फक्त पाण्यातल्या बोटींवर चालतील असं ठरलं. म्हणून हॉटेलातल्या कॅसिनोत आणि बोटीवरच्या कॅसिनोत फरक असतो, तुम्हाला खरे पत्ते, खरं चक्र आणि डीलर, म्हणजे टेबल चालवणारा माणूस, बघायचा असेल तर बोट.

२१ वर्षं पूर्ण पाहिजेत, ओरिजिनल आयडी पाहिजे, आधारचा फोटो काढून आणलाय असं चालत नाही. पुरुषांनी फुल पँट आणि बूट, हाफ पँट-चप्पल असेल तर परत पाठवतात, आपली कोल्हापुरी कितीही भारी असली तरी त्या दिवशी बूट घाला. खेळाच्या ठिकाणी फोटो-व्हिडिओ काढायचा नाही. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, गोव्यातल्या स्थानिक माणसाला १ फेब्रुवारी २०२० पासनं कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळं म्हापशातल्या किंवा फोंड्यातल्या पाहुण्याला सोबत घेऊन जाऊया असा बेत करू नका, त्यांना गेटवरनं मागं यायला लागेल आणि उगाच वाईट वाटेल. त्यांच्या सरकारनं आपल्याच माणसांना त्या दारातनं आत सोडायचं नाही असं ठरवलं, त्यात आपल्याला कळण्यासारखं पुष्कळ आहे.

एंट्रीच्या पॅकेजमध्ये साधारण जेवणाचा बुफे, ड्रिंक्स, स्टेजवरचा शो आणि काही रकमेचे चिप्स, म्हणजे पैशाऐवजी टेबलावर ठेवायच्या चकत्या, धरलेले असतात. हे चिप्स नीट समजून घ्या. त्याला ओटीपी चिप्स म्हणतात, एकदाच खेळता येतात, ते काउंटरवर देऊन पैसे मिळत नाहीत, त्यावर जिंकलात तर जिंकलेल्याचे खरे चिप्स मिळतात आणि ते मोडता येतात. बुकिंग बोटीच्या स्वतःच्या साईटवरनं किंवा काउंटरवरनंच करा, रस्त्यावर अडवून स्वस्तात पॅकेज देतो म्हणणाऱ्या एजंटाकडनं नको, आत काय धरलंय आणि काय नाही याची खात्री नसते.

टॅक्सचं गणितही आधीच करा. १ ऑक्टोबर २०२३ पासनं चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासनं तो ४० टक्के झालाय. म्हणजे दहा हजार दिले आणि टॅक्स त्यातच धरला तर हातात चिप्स ७,१४० रुपयांच्या आसपास येतात. खेळायला बसायच्या आधीच २,८६० गेले. काउंटरवर स्पष्ट विचारा की दहा हजार दिल्यावर मला किती रुपयांचे चिप्स मिळणार, लाजू नका. जिंकलेल्या चिप्सवर परत खेळलं तर परत जीएसटी लागत नाही, तो आत येताना एकदाच. आणि मोठं जिंकलात तर त्यावर ३० टक्के इन्कम टॅक्स आणि वर ४ टक्के सेस वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातनं वजा करता येत नाहीत. सीए कुणालाही विचारा, हेच सांगतील.

आता टेबल. पहिल्यांदा गेलेला माणूस रूलेटजवळच उभा राहतो कारण ते समजायला सोपं आहे. चक्रावर ० ते ३६ अशी ३७ घरं असतात, पांढरी छोटी गोळी फिरते, हिरव्या कापडावर आकडे छापलेले असतात, त्यावर चिप्स ठेवायचे. डीलर हात आडवा फिरवून आता बास म्हणतो, मग कुणी हात लावायचा नाही. गोळी आधी काठावरनं सरळ फिरते, मग खाली येताना त्या बारक्या अडथळ्यांवर टक टक टक वाजते, आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं त्या वेळी श्वास धरून असतात, ते खरंच बघण्यासारखं आहे. आकडा लागला तर ३५ पट मिळतात आणि लावलेला चिप परत.

३५ पट ऐकून डोळे मोठे होतात म्हणून हे गणित एकदा कागदावर मांडा. समजा तुम्ही ३७ च्या ३७ घरांवर शंभर-शंभर लावले. ३,७०० रुपये झाले. एक घर लागणारच, त्याचे ३,५०० आणि तुमचे शंभर, हातात ३,६०० आले. म्हणजे काहीही लागलं तरी शंभर रुपये बोटीचे. तुम्ही एका घरावर लावा, लाल-काळ्यावर लावा, सम-विषमवर लावा, सरासरीनं हेच होतं, दर शंभरामागं २ रुपये ७० पैसे. काही चक्रांवर दोन शून्यं असतात, ० आणि ००, मग घरं ३८ होतात पण देतात ३५ पटच, तिथं हेच ५ रुपये २६ पैसे होतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून बसायच्या आधी चक्रावर शून्यं मोजा, दोन असतील तर दुसरं टेबल बघा. पाचशेचा डाव लावला आणि तासात चाळीस फेऱ्या झाल्या तर तुम्ही वीस हजारांची उलाढाल केलीत आणि एक शून्यवाल्या चक्रावर सरासरी ५४० रुपये तासाला बोटीला दिलेत. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, खरंच जिंकाल, पण बोट रोज चालू आहे आणि तुम्ही एक रात्र आहात.

माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, साठीचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी वही. टेबलाच्या बाजूला बोर्ड असतो, त्यावर मागचे आकडे दिसतात, ते उतरवून घेत होते. सात वेळा लाल आलं, त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की आता काळं येणारच, आणि पाच-पाच हजार काळ्यावर ठेवायला लागले. आठव्यांदा लाल आलं, नवव्यांदा शून्य. गोळीला आठवण नसते. आधी सात वेळा लाल आलं काय आणि सत्तर वेळा आलं काय, पुढच्या फेरीला काळं यायची शक्यता ३७ पैकी १८ च राहते. तो बोर्ड बोटीनं स्वतःच्या खर्चानं लावलाय, त्यानं बोटीचं नुकसान होत असतं तर तो लावला असता का, एवढा विचार करा. मी त्यांना म्हटलं, काका जरा चहा घेऊया, आले नाहीत.

बॅकरॅट हा पत्त्यांचा खेळ खेळणार असाल तर बँकर आणि प्लेअर या दोन जागांवर बोटीचा हिस्सा एक-सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, पण टायवर, म्हणजे दोघांची बरोबरी होईल यावर लावलं तर, तोच १४ टक्क्यांच्या वर जातो, त्यामुळं टायला हात लावू नका, आठ पट देतात म्हणून मोह होतोच. तीन पत्ती, अंदर-बाहर आपल्याला घरची वाटतात, दिवाळीत खेळलेली असतात, आणि म्हणूनच तिथं माणूस जास्त वेळ बसतो. गल्लीत खेळताना समोर मित्र असतो, तो हरला की तुम्ही जिंकता. इथं समोर बोट आहे, हे लक्षात ठेवा. टेबलावर छोट्या पाटीवर कमीत कमी डाव किती ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय खुर्चीवर बसू नका.

पैशाचं कसं करायचं हे मी माझ्या आत्तेभावामुळं शिकलो. माझ्यापेक्षा मोठा आहे, दादा म्हणतो त्याला. उसाचं बिल जमा झालं आणि दोन दिवसांत मित्रांबरोबर गेला. पहिल्या तासात बारा हजार जिंकला, तेव्हा मला मेसेज केलेला, अंगठा वर केलेला. रात्री अडीचला फोन, आवाज वेगळाच, म्हणाला वीस हजार पाठव, सकाळी देतो. मी झोपेत होतो, दादा आहे म्हणून काही न विचारता पाठवले. त्या रात्री त्याचे ऐंशी हजार गेले, त्यात पोरीच्या ॲडमिशनची फी होती, आणि माझे वीस. वैशाखात वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवून फी भरली. तो वाईट माणूस नाही, व्यसनी नाही, शेतावर त्याच्यासारखा राबणारा मी बघितलेला नाही. पहिल्या तासात जिंकला हेच त्याला महागात पडलं, कारण मग बारा हजार परत यायलाच पाहिजेत असं डोक्यात बसलं.

तर करायचं असं. घरातनं निघायच्या आधी आकडा ठरवायचा, हा पैसा सिनेमाच्या तिकिटासारखा गेला असं धरायचं, आणि तो आकडा बायकोला सांगायचा. तेवढीच कॅश खिशात, बोटीवर जाताना कार्ड रूमवर. आणि यूपीआय फोनमध्ये असतंच म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दिवसाची लिमिट आदल्या दिवशीच कमी करून ठेवायची, दोन-तीन हजार पुरेत, बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ही सोय आहे, कार्डाचीपण असते. मित्रमंडळात आधीच ठरवायचं की तिथं कुणी कुणाला उसने द्यायचे नाहीत, आणि घरच्या माणसाचा अपरात्री असा फोन आला तर पैसे न पाठवता त्याच्याशी बोलत राहायचं, त्याला बोटीवरनं खाली उतरायला लावायचं. जिंकलेले चिप्स वेगळ्या खिशात टाकायचे आणि त्यांना परत टेबलावर आणायचं नाही. साडेबाराचा अलार्म लावा, वाजला की उठायचं. आत घड्याळाकडं लक्ष जात नाही, बाहेर अंधार आहे का उजाडलंय कळत नाही. आणि कुणाला हे थांबतच नसेल, महिन्या-महिन्याला जावंसं वाटत असेल, कर्ज काढलं जात असेल, तर टेलिमानसचा सरकारी नंबर आहे १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात, तिथं फोन लावा. त्यात कमीपणा काही नाही.

बायका-पोरं घेऊन जाणाऱ्यांनी बोटीचं काम एकाच संध्याकाळी, एकाच माणसानं किंवा नवरा-बायकोनं करावं. वहिनी, मावशी सगळ्यांना हौस असेल तर जाऊ दे की, बुफे खाऊन शो बघून अकराला परत. २१ च्या खालच्या पोरांना खेळाच्या ठिकाणी नेता येत नाही, आजी-आजोबांच्यासोबत त्यांना संध्याकाळी सांता मोनिका जेट्टीवरनं नदीतली सफर करवा, तिथनं सगळ्या बोटींचे लाईट पाण्यात पडलेले दिसतात, आणि खरं सांगतो, कॅसिनो बाहेरनंच जास्त देखणा दिसतो.

दुसरा दिवस पणजीचा. सकाळी लवकर उठून फोंटेन्हासमध्ये चाला. पिवळी, निळी, तांबडी घरं, लाकडी बाल्कन्या, दारात तुळस असलेली घरंपण आहेत आणि क्रॉस असलेली पण. साडेसहा-सातला पोदेर येतो, म्हणजे पाववाला, सायकलच्या मागं मोठी टोपली, त्यावर निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंगा पों-पों वाजवत येतो. त्याला थांबवून पोयी मागा, कोंड्याची, चपटी, मध्ये पोकळ. गरम असते, हाताला पीठ लागतं, चिमटीनं फाडली की आतनं वाफ येते. आपला पाव आणि ही पोयी यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. घरात माणसं राहतात हे मात्र विसरू नका, त्यांच्या दारात, ओट्यावर चढून फोटो काढणाऱ्यांना ती लोकं वैतागलीत, पाट्या लावल्यात त्यांनी. रस्त्यावरनं काढा, आवाज कमी ठेवा.

नाश्त्याला कॅफे भोसले किंवा कॅफे तातो, पातळ भाजी आणि पाव. कोल्हापूरच्या माणसाला पहिल्या घासाला तिखट कमी वाटेल, कट कुठाय म्हणून विचाराल, पण दोन घास खाऊन बघा, नारळाची चव हळूहळू कळते. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, बांगड्याची असेल तर त्यात तिरफळ असतं, सोलं असतात, तांबड्या रश्श्याचा मापदंड त्याला लावू नका. संध्याकाळी रॉस ऑम्लेट, म्हणजे रश्शातलं ऑम्लेट, मिळतं त्या गाड्यावर जा. बेबिंका, म्हणजे थराथराचा गोड पदार्थ, घरी आणायला बरा पडतो, टिकतो. उन्हाळ्यात गेलात तर उर्राक, म्हणजे काजूची दारू मिळते, ती तिथंच प्या, पिणारे असाल तर.

पणजीतली महालक्ष्मी दादा वैद्य रोडवर आहे, अंबाबाईच्या गावातनं गेलेल्या माणसानं तिथं हात जोडून यावं. चर्चच्या पायऱ्या, जुनं सचिवालय, त्याच्या शेजारचा आबे फारियाचा पुतळा हे सगळं पायी होतं. पणजी-बेती फेरीबोटीत एकदा बसाच, पाच-दहा मिनिटांचा प्रवास, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, कामावर जाणारी माणसं, मासळीच्या टोपल्या, स्कूटरी, आणि बाजूला त्या कोट्यवधींच्या कॅसिनो बोटी. ओल्ड गोवा दहा किलोमीटर आहे, बॉम जेझुसचं चर्च बघायला सकाळी जावा, दुपारी ऊन आणि बसेसची गर्दी होते.

समुद्र म्हणाल तर मिरामार पणजीतच आहे, संध्याकाळी वाळूत बसायला सुंदर, पण मांडवी तिथंच समुद्राला मिळते, पाण्याला ओढ आहे, पोहायला उतरू नका. कुठल्याही बीचवर लाल झेंडा असेल तिथं गुडघाभरसुद्धा नको आणि लाईफगार्डनं शिट्टी मारली की बाहेर. पंचगंगेत आणि रंकाळ्यावर पोहून वाढलेली आपली पोरं पाण्याला भीत नाहीत, पण नदीच्या पाण्यात शिकलेलं समुद्राच्या ओढीत उपयोगी पडत नाही, आणि दारू पिऊन तर अजिबातच नाही.

एक मनापासनं सांगायचंय. घरनं शेगडी-पातेलं घेऊन जाऊन रस्त्याकडेला, बीचवर मटण शिजवणं बंद करा. उघड्यावर शिजवणं, बीचवर दारू पिणं, बाटल्या फोडणं याला गोव्यात बंदी आहे, २०१९ ला एका माणसाला २,००० आणि ग्रुपला १०,००० दंड ठरवला होता. दंडाचं सोडा, वाळूतल्या काचेनं कुणाचं तरी पोर रक्तबंबाळ होतं. एमएच ०९ ची प्लेट बघून तिथल्या माणसानं आपल्याला चांगलं म्हणावं असं वाटतं की नाही?

परत येताना गाडीत दारूची बाटली नको. गोव्यात विकायची दारू महाराष्ट्रात परमिटशिवाय आणता येत नाही, दुकानदारानं बिल दिलं म्हणून चालतं असं नाही. बांद्याजवळ इन्सुलीला एक्साईजचा नाका आहे, गाडी तपासतात, आणि सापडलं तर माल जातो, गाडी जप्त होते, केस होते. चार बाटल्यांत वाचलेले हजार रुपये आणि कोर्टाच्या तारखा, हिशोब तुम्हीच करा. काजू आणा, कोकम आणा, पोयी आणा, सावंतवाडीत थांबून मोती तलावाजवळ लाकडी खेळणी घ्या.

निघायचं ते झोप पूर्ण झाल्यावर, नाश्ता करून, नऊ-दहाला. साडेबाराच्या आसपास आंबोली चढून वर येता. घाट संपला की गाडी बाजूला घ्या, चालवणाऱ्याला खाली उतरवा, चहा पाजा, लागलं तर अर्धा तास सीटवर आडवं होऊ द्या, कुणी घाई करायची नाही. आजऱ्यात घनसाळचा तांदूळ घ्यायचा असेल तर रस्त्यावरच दुकानं आहेत, पाच किलो घ्या, आईला आवडतोय. तिथनं निवांत आलं तरी चार-साडेचारला कागल लागतंय आणि दिवस मावळायच्या आत गाडी दारात.